बंद दिव्याची तक्रार

अहो,

तुम्ही नगरसेवक होतात तेव्हा दारातल्या तक्रारवाल्यांना मी वैतागायचे. तुम्ही गेलात, तेव्हा वाटलं, आता घर खायला उठणार. पण दर निवडणुकीत तुमच्याविरुद्ध पडलेले शिंपीभाऊजी रोज संध्याकाळी येतात.

"वहिनी, दुकानासमोरचा दिवा बंद आहे. पालिकेत तुमचा शब्द चालतो."

मग चहा होतो, तुम्हाला चार शिव्या घालून होतात.

काल अंधार पडल्यावर मुद्दाम तिकडून चालत आले. दिवा लख्ख पेटला होता. जन्मभर गावाचं करत राहिलात म्हणून मी कुरकुरायचे. आता तेच गाव माझं करतंय.

आज भाऊजी आले. म्हटलं, "पालिकेचं काम, वेळ लागणारच. उद्या परत या."

तुमचीच,
घरातली विरोधी पक्षनेती