कानातली माणसं

सृष्टीचे पप्पा,

चिठ्ठी चार्जरच्या वायरला बांधली, कारण मोबाईल उतरला की तुमी इथं येणारच. मी सृष्टीला घेऊन येलदरीला चालले. अधिक महिना सरत आला, आज आण्णांनी जावयाला धोंडे जेवायला बोलावलंय.

ते आवतण द्यायला आले तवा तुमी गेम खेळायले होते. हेडफोनमधल्या गड्यांना तुमी "येतो, येतो" म्हणले. आण्णांना वाटलं, त्यांनाच म्हणले. लय खुश होऊन गेले. आता सगळी भावकी बोलावून बसलेत. जावयाला ताप आलाय म्हणून सांगन.

टोपल्यात भाकरी हाय, पिठलं झाकून ठेवलंय. आठवणीनं जेवा. म्हशीला पाणी दाखवा. गेम हरला तर वगारीवर राग काढू नका, मुकं जनावर हाय.

झोपेत बी तुमचे अंगठे हलत राहतात. पहिलं मी ते हातात धरून ठेवायची. आता कूस बदलते. राग बी येत न्हाई. आज लुगडं नेसताना रडू येईल वाटलं होतं, ते बी न्हाई आलं.

न सांगता गेली म्हणू नका. दारात उभी राहून "येते" म्हणले, तुमी "हं" म्हणले. सृष्टीनं विचारलं, "मम्मी, पप्पा आपल्याला म्हणले का कानातल्या माणसांला?"

मला सांगता येईना, म्हणून दारातून माघारी येऊन लिहून ठेवलं.

राजेश्री