शिसवी पाटाचा काष्ठतरंग

आप्पा, तुमचा शिसवी पाट मी कापला. तुमच्याच करवतीनं. तुम्ही जाऊन बत्तीस वर्षं झाली, पण ही गोष्ट तुमच्या कानावर घालायची राहून गेली होती. ज्या पाटावर बसायची घरात दुसऱ्या कुणाची टाप नव्हती, आईचीसुद्धा नाही, त्याच्या मी अकरा पट्ट्या केल्या. तुमच्या तेराव्याला भाऊ म्हणाला, "आक्के, आप्पांचं काय पायजे ते घेऊन जा." मी पाट आणि औजारांची पेटी मागितली. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "लेकीची माया बघा." मी मान खाली घातली, कारण मला हसू आवरत नव्हतं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीचं आपलं बेलापूर. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक होऊन घरात बसलेली. तुम्ही अंगणातल्या छपराखाली सुतारकाम करताय आणि तुमच्या टाकाऊ सागाच्या तुकड्यांतून मी काष्ठतरंग करतेय. रेडिओवर एकदाच ऐकला आणि वेड लागलं. लाकडाच्या लहानमोठ्या पट्ट्या, प्रत्येकीचा सूर वेगळा. पट्टी पोटाकडून मधोमध तासली की सूर खाली उतरतो, हे माझं मीच शोधून काढलं. एकेक पट्टी पदराखाली लपवून देवळात न्यायची आणि भजनी मंडळाच्या पेटीशी जुळवून आणायची. वाजवायच्या काड्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. चार महिने घासले त्यात. दहा पट्ट्या सुरात लागल्या, राहिला तेवढा एकच सूर, नी.

आणि खंडेनवमी आली. रंधा, पटाशी, करवत, सगळी औजारं तुमच्या त्या पाटावर मांडलेली, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून. दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. पण मला कुठला धीर! तुम्ही पारावर गेलात आणि मी झेंडू बाजूला सारून पटाशी उचलली.

तुम्ही परत आलात तेव्हा ढलप्यांत झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. "खंडेनवमीला हत्यार चालवलंस व्हय गं? ह्याच्यावर घर चालतं आपलं!" एवढंच ओरडलात. मग नीची पट्टी उचललीत, बोटाच्या पेरानं ठोकलीत, कानाशी धरलीत. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. तर अकराच्या अकरा पट्ट्या बंबात घातल्यात. पाणी कडकडीत झाल्यावर म्हणालात, "जा, ह्याच पान्यानं आंघूळ कर." आई मधे पडली नाही. मी केली आंघोळ. मेलं ते पाणी अजून अंगाला पोळतं.

म्हणून पाट कापायला मी मुद्दाम खंडेनवमीच धरली. त्यानंतर एक खंडेनवमी चुकवली नाही. आळीत सगळे औजारं पुजतात, मी तुमचा रंधा चालवते. सून म्हणते, "आई, आज तरी राहू द्या." मी म्हणते, "आजच." बत्तीस वर्षांत तुमच्या पटाशीला एक झेंडू वाहिला नाही. लई राग येत असेल ना, आप्पा? येऊ दे. मलाही आला होता, तुम्ही विचारलं नव्हतंत.

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या औजारांच्या पेटीत, रंध्याखाली ठेवून देते. फक्त एक राहिलं. आजवर मी सगळ्यांना सांगत आले की तुम्ही पुरता सुरात लागलेला काष्ठतरंग जाळलात. खरं म्हणजे तुम्ही यायच्या आधीच माझ्या हातून नी बिघडला होता. घाईत जास्त तासला गेला. तुम्ही पट्टी ठोकलीत तेव्हा तुम्हाला ते कळलं, तुमच्या तोंडावर मला दिसलं. पण ते तुम्ही कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाहीत. उरलेल्या दहा पट्ट्यांची माफी नाही, ती मिळायची नाही. पण तुमच्या पाटातला नी पहिल्या तासणीलाच लागला, आणि वाजवताना त्या पट्टीवर माझा हात जरा हलका पडतो.