शक्यतो म्हणजे किती

बाई,

आठवीत मी निबंधात लिहिलं होतं, 'आपण शक्यतो नदीत घाण पाणी सोडू नये.' तुम्ही 'शक्यतो'भोवती तांबडा गोल काढलात आणि समासात विचारलंत, 'शक्यतो म्हणजे किती?' मी दिवसभर तोंड फुगवून बसले. शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही मला भिवंडीजवळच्या शेलार गावाला नदीवर घेऊन गेलात. कापड रंगवणाऱ्या डाइंगचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं. काठावर एक काका रिकामं जाळं झटकत होते. मासे मिळतात का, असं तुम्ही त्यांना विचारलंत. "आता कुठला मासा, बाई? न्हाय गावत. पानी रोज नवा रंग घेऊन येतंय." मग तुम्ही मला विचारलंत, ही नदी खाडीला जाते, खाडी समुद्राला, तर समुद्र कुणाच्या वॉर्डात येतो? परतताना बोरं घेऊन दिलीत आणि निबंधाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. तुमची रागवायची ही रीत मला अजून आवडते.

आता मी सरकारी नियमांचे मसुदे मराठीत लिहिते. समुद्र कुणाच्याच वॉर्डात येत नाही, म्हणून देशांनी मिळून करार केला आहे: जमिनीवरची घाण समुद्रात जाऊ नये यासाठी ज्याने त्याने आपल्या घरी कायदे करावेत. त्या घरच्या कायद्यांतला एखादा नियम फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो. गेल्या आठवड्यात रंगाच्या पाण्याचा आला. 'शक्यतो शुद्ध करूनच सोडावे.' मी तडक साहेबांकडे गेले. ते चिडले नाहीत. म्हणाले, मूळ करारातही असे सैल शब्द आहेत, नाहीतर इतके देश एका कागदावर आलेच नसते. ते खोटंही नाही. "शब्द काढलात तर नियमच अडकेल. मग नदीला काय मिळालं?" यावर तुम्ही काय म्हणाला असता, हे मी तीन दिवस शोधते आहे.

जागेवर येऊन मी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'शक्यतो म्हणजे किती?' अक्षर हुबेहूब तुमचं आलं. आधी हसू आलं, मग तुमची फार आठवण आली, बाई. परवा भिवंडीला गेले होते तेव्हा नदी हिरवी होती.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढं तरी खरं लिहिते. फाइल काल वर गेली. शब्द तसाच आहे. समासातलं तुमचं अक्षर मात्र पाठवण्याआधी मीच रबराने पुसलं.