उजवा ठोकळा, डावा ठोकळा

शुक्र., २६ सप्टें.
दसऱ्याची झाडझूड. माळा झाला, पंखे झाले. पडवीतलं टेबल राहिलं होतं, कारण तिथे आप्पांचा कारखाना. सासरे अठ्ठ्याहत्तरचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी रायफलची काडतुसं घरीच भरणार. विकतच्यावर भरवसा नाही म्हणे! परवाना पिकाच्या राखणीचा. विचुंब्याच्या आमच्या शेतावर सात मजले उभे राहिले, आता राखण कसली, पारव्यांपासून? पण विलासला नवरात्र सुटल्यावर कर्नाळ्यामागे भेकराच्या शिकारीला जायचंय. बंदी आहे, धरलं तर तुरुंग. सांगून दमले. (चारचौघांत 'अहो', इथे विलासच.)
आप्पा काम अर्धवट टाकून जेवायला उठले, तेवढ्यात टेबल पुसून घेतलं.

मंगळ., ३०
बारा काडतुसं तयार. आप्पा खुशीत. विलासला सांगत होते, "दारू भरलेल्या नळ्या उजव्या ठोकळ्यात, रिकाम्या डाव्यात. जेवनाआधी सहा भरल्या, मंग सहा. आमी डोळं लावीत नाय, हात सांगतो."
माझे हात कणकेतच राहिले. शुक्रवारी ते नळ्या उभ्या करायचे दोन्ही भोकाभोकांचे लाकडी ठोकळे मीच उचलून खुर्चीवर ठेवले होते. नळ्या उघड्याच होत्या, मी आत बघितलंही नाही. पुसल्यावर परत ठेवले. कुठला कुठे? आठवत नाही.
अदलाबदल झाली असेल तर भरलेल्या सहांतच पुन्हा...

बुध., १ ऑक्टो. खंडेनवमी
रायफलची पूजा. पाटावर रायफल, पुढे झेंडू आणि एक काडतूस. पूजेतल्या काडतुसाचा पहिला बार, ही ह्या घराची रीत. बाकीची अकरा पेटीत. हळदकुंकू वाहताना करंडा कलंडला, विलास म्हणाला, "उपास सोसत नाही तर धरतेस कशाला?"
दुपारी दादाला फोन. माझा भाऊ, फौजेतून निवृत्त. सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, दुप्पट भरलं गेलं तर रायफल चालवणाऱ्याच्या तोंडाशीच फुटते. "का गं?" काही नाही म्हटलं.
काही नाही काय! झोप नाही, घास उतरत नाही. तरी बोलवत नाही. आप्पांच्या हाताची चूक नाही, माझ्या फडक्याची आहे.

गुरु., २. दसरा
सोनं वाटून झाल्यावर दोघांसमोर सांगून टाकलं. आप्पांनी पेटीला कुलूप घालून किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली.
विलास हसला. "आप्पांच्या हाताला चूक नाही. तुझंच डोकं फिरलंय." मी त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला. उद्या जाणार नाही म्हणाला. एवढं बरं वाटलं की दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

शुक्र., ३. सकाळी
विलास नाही. चुलतभाऊ बाळा पहाटेच गाडी घेऊन आला होता, शेजारच्या वहिनींनी बघितलं. पाटावर रायफल नाही. झेंडू आहेत, काडतुसाच्या जागी कुंकवाचा गोल डाग. पेटीला कुलूप तसंच. म्हणजे देवापुढचं तेवढं नेलं. देवाचं म्हणजे सुरक्षित, असं वाटलं असेल गाढवाला.

८.१०
आप्पांनी पेटी उघडली. टेबलाशी बसून एकेका काडतुसाची गोळी उपसून काढताहेत. "आत काय हाय ते तूच बघ, सूनबाय. मला दिसत नाय." एवढ्या वर्षांत हे कबूल केलेलं पहिल्यांदा ऐकलं. अर्ध्यापर्यंत असेल तर बरोबर म्हणाले.
पहिलं रिकामं. दुसरं काठोकाठ. म्हणजे केलीच मी अदलाबदल.
मोजत बसलो.
रिकामी सहा. काठोकाठ पाच.
आप्पांनी पुन्हा मोजायला लावलं. पाचच.

८.३५
विलासचा फोन लागत नाही. बाळाचाही नाही. आप्पा उलटसुलट चपला घालून फाटकात उभे आहेत. रिक्षा बोलावली होती, रिक्षावाला विचारतो कुठे जायचं, एवढ्या डोंगरात कुठे म्हणून सांगू?
वनखात्याचा नंबर काढलाय. आप्पांना विचारलं, लावू? ते म्हणाले, "लाव. धरूदे त्याला."
धरू देत. तुरुंग चालेल मला. डबा नेईन रोज.
रिंग जातेय