आप्पांचा धोबी पक्षी

मंगळवार, संध्याकाळ. कडाक्याची थंडी.

नाही, तूच सांग, मी काय चुकीचं बोलले होते? रानातल्या पाखरांना खायला घालू नये, सवय लागते, मग ती स्वतःचं शोधत नाहीत. रविवारी आप्पांना एवढं म्हणाले आणि विसरून गेले. माझे वडील मात्र विसरले नाहीत.

आज भीमेच्या काठावर त्यांना चहा द्यायला गेले. आप्पा गळ टाकून बसले होते, शेजारी त्यांचे दोस्त बाबूमामा. दर हिवाळ्यात येतो तो धोबी पक्षी आप्पांच्या पायाशीच शेपटी वरखाली करत उभा. आणि आप्पांनी गांडुळांच्या डब्यावर तळहात दाबून धरलेला.

"लेक शिकली आन् पाव्हणा उपाशी राह्यला," बाबूमामा म्हणाले.

"गप की. तिनं पुस्तकात वाचलंय."

पुस्तकात कुठलं? मोबाईलवर वाचलेलं, तेही अर्धं.

"जा बाबा," आप्पा पक्ष्याला म्हणाले, "हितं काय न्हाई आता." तो हलेना. शेपटी वर, खाली. रिटायर झाल्यापासून आप्पांची वाट बघणारं दुसरं आहे तरी कोण? मी तर दिवसभर दार लावून लिहीत बसते.

मी त्यांचा तळहात उचलला. हात गार पडला होता. डब्यातलं एक गांडूळ दगडावर ठेवलं.

"आगं, त्याला सवय लागंल ना?"

"लागू दे. तुम्हाला पण लागलीये," म्हटलं, आणि आप्पा काही बोलायच्या आत मी चढण चढून रस्त्याला लागले.