आधी पट्टी तर काढू दे

मंगळवार, ता. १२

प्रिय ताई,

मी मजेत. तूही असशीलच, मोठ्या हॉस्पिटलात एसीत बसून. मी सध्या बाबांच्या डोळ्यांच्या कॅम्पची गाडी चालवतोय. हसू नकोस, अजून पळालो नाहीये! वळण घेतलं की गाडीचा हॉर्न आपोआप वाजतो, त्यामुळे जाऊ तिथे आमची वरात. मागच्या सीटवर एक कुत्रा राहायला आलाय. कप फोडतो. नर्सबाई म्हणतात, "तुझाच भाऊ शोभतो."

बाबांचं अजून तेच. पट्टी काढायच्या सकाळी पेशंटसमोर घरचं माणूस बसवायचं, आपण पाठीमागे उभं राहायचं. "उघडल्या डोळ्यांना पहिलं माझं थोबाड कशाला?" एवढ्या लोकांना डोळे दिले, पण रस्त्यात एकही ओळखत नाही. आवाजावरून ओळखतात फार तर.

काय सांगत होतो? हां, नवे बूट घेतलेत. चावतात.

मागच्या कॅम्पला एक आजी होती. एक डोळा कधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. ऑपरेशन बाबांनीच केलं. सकाळी तिची लेक समोर बसली. बाबांनी मागून पट्टी सोडली.

"आई, दिसते का गं मी?"

आजी हसली. "अगं, आधी डॉक्टरांना पट्टी तर काढू दे!"

पट्टी बाबांच्या हातात होती.

ताई, कप कुत्रा फोडत नाही. बाबा टेबल समजून हवेत ठेवतात. मी कुत्र्याचं नाव सांगतो आणि बाबाही त्याला रागावतात.

त्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, डोळे दाखवा कुणाला तरी."

"कुणाला? इथे डोळ्यांचा डॉक्टर मीच." हसले. मग म्हणाले, "समोरचं दिसत नाही रे. कडेचं दिसतं. भागतं तेवढ्यावर."

भागत नाही ना! रविवारी पुढचा कॅम्प आहे. नर्सबाई रडल्या, मी भांडलो, पण ते ऐकत नाहीत. "लोक चालत येतात, परत कसं पाठवू?" माझं कोण ऐकणार, मी दहावी नापास. तुझ्या हॉस्पिटलला ते 'दुकान' म्हणाले, ते मला माहीत आहे. माफी मागणार नाहीत, तेवढं वाकता येत नाही त्यांना. पण नर्सबाईंना ते सांगत असतात, "पोरीचा हात माझ्यापेक्षा हलका." त्यांच्या हातातलं हत्यार फक्त तू काढून घेऊ शकतेस. रांगेतल्या लोकांचे डोळेही मग तूच कर.

शनिवारी ये. स्टॅंडवर गाडी आणतो, हॉर्न ऐकू येईलच. आलीस की तुला बाबांसमोर बसवीन. अगदी समोर नाही, जरा बाजूला, जिथून त्यांना अजून दिसतं.

त्यांच्या मागे मी उभा राहीन.

तुझा,
अजून न पळालेला धाकटा