उघड्या हातांची गोष्ट

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, वहिनीचे गुडघे कमी दुखत असतील आणि तू जेवणात मीठ कमी घेत असशील, असं धरून चालते. यातलं शेवटचं खोटं आहे, हे मला ठाऊक आहे. आम्ही सगळे ठीक. लेकीची परीक्षा संपली, ह्यांचा खोकला एकदाचा गेला.

पत्र कशाला, फोन नाही का, असं म्हणशील. फोनवर माझी दोन वाक्यं होतात न होतात, तोच तू "थांब, हिच्याशी बोल" म्हणून मोकळा होतोस. म्हणून लिहितेय. ड्रायव्हरकाका घेऊन येतायत. वीस वर्षं तुझ्या आगीच्या बंबावर होते, त्यांना तुला भेटायचंच होतं.

मार्चपासून स्टेशनवर माझ्या गळ्यात एक जादा काम पडलंय. हल्ली आगीपेक्षा अपघाताचे कॉल जास्त. चेपलेल्या गाडीतून माणूस काढायचा म्हणजे रक्त आलंच. त्या रक्तातून आपल्या जवानांना रोग लागू नये, हे मी बघायचं. बघते कसली, डोकं फोडून घेते!

हातमोजे मागवले, तर दहाच्या दहा खोकी सगळ्यात लहान मापाची. पैलवानाचे तर दोन बोटांतच अडकले. (आठवतो ना? तू रिटायर झालास त्या वर्षी भरती झालेला, दार खांद्यानं उघडणारा.) दोन महिने पत्रं पाठवून मोठे आणवले, तर स्टोअरकीपर म्हणतो, "जुना जोड जमा करा, मग नवा देतो."

मी म्हटलं, "अहो, रक्तानं माखलेले हातमोजे तुमच्या टेबलावर आणून ठेवू?"

"पिशवीत घालून आणा ना मॅडम. नियम आहे."

डोळ्यांना लावायचे चष्मे दिले, ते आमचा स्वयंपाकी कांदा चिरताना लावतो. आणि लस! जळत्या गोदामात बेधडक शिरणारे गडी, पण सुईचं नाव काढलं की एकेकाला बाथरूमला लागते. चौदा जणांत तिघांनी घेतली. त्यातली एक मी.

आणि या सगळ्यांची सबब कोण, सांगू? तू.

"थोरल्या साहेबांनी कधी हातमोजे घातले होते का?" झालं, की बसच्या अपघाताची गोष्ट सुरू. उघड्या हातांनी तू नऊ माणसं बाहेर काढलीस, कोपरापर्यंत लाल झालास, नळावर हात धुतलेस आणि तिथंच उभ्या उभ्या चहा प्यायलास. सांगून सांगून ती गोष्ट इतकी फुगलीय, की मागच्या महिन्यात माणसं सतरा झाली होती. मी दर वेळी ऐकून घेते. दर वेळी गप्प बसते.

सोळा ऑक्टोबरला दुपारी एक कार ट्रकखाली घुसली. आत चालवणारा एकटाच, जिवंत. पैलवान काच फुटलेल्या खिडकीतून अर्धा आत गेला. हातमोजे होते, खिशात! काचेनं त्याचा तळवा चिरला आणि त्याच हातानं त्यानं त्या माणसाच्या मांडीची जखम दाबून धरली, पाऊण तास. माणूस वाचला. पैलवानानं हाताला फडकं गुंडाळलं आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा मला फोन. "ताई, ह्यांचा हात सुजलाय. विचारलं तर दारात सापडला म्हणतात. दारानं असं कापतं का हो?"

मी त्याला अक्षरशः ओढत हॉस्पिटलात नेलं. तो कारवाला तिथंच वरच्या मजल्यावर होता. त्याच्या रक्तात कावीळ निघाली, हिपॅटायटिस बी. आणि पैलवानानं लस घेतलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही दंडांत एकेक इंजेक्शन दिलं. म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. तरी अगदीच वेळ गेलेली नाही. सहा महिने रक्त तपासत राहू. तोवर घरात जपून राहा, बायकोचीही लस करून घ्या."

बाहेर बाकावर बसून तो एवढा मोठा माणूस मला विचारतो, "मॅडम, थोरल्या साहेबांनी जन्मभर उघड्या हातांनी काम केलं. त्यांना कुठं काय झालं?"

मी म्हटलं, "चल, औषधं घेऊन येऊ."

एवढंच म्हटलं, दादा. दोन लेकरांचा बाप मला विचारतोय आणि मी त्याला औषधांच्या खिडकीपुढे रांगेत उभं करतेय. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

मागच्या वर्षी तू ॲडमिट होतास तेव्हा तुझी फाइल माझ्याकडून वाचली गेली. तू माझ्याकडून वचन घेतलंस. "कुणाला कळता कामा नये. लोक म्हणतील पिऊन लिव्हर घालवलं, नाहीतर आणखी काहीतरी म्हणतील." मी मान डोलावली. वहिनीला तर "थकवा जातो" असं सांगून आपण लस टोचून आणली. ती अजून शेजारणींना सांगते, खरंच हो, फार फरक पडला!

पैलवानाला हॉस्पिटलात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिलनंतर, त्याला धीर द्यायचा म्हणून कुणीतरी बसची गोष्ट काढली. आणि दादा, मी सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, "ज्या हातांच्या गोष्टी सांगताय ना, त्यांनीच साहेबांच्या घरी ही कावीळ नेली. त्यांचं लिव्हर निम्मं गेलंय."

ड्रायव्हरकाका उठून बंबात जाऊन बसले. बऱ्याच वेळानं आले नि म्हणाले, "माझंही रक्त तपासून घ्या." त्यांचं चांगलं आलं, काळजी करू नकोस. त्या आठवड्यात पैलवान सोडून राहिलेल्या दहांनीही बाह्या वर केल्या. स्टोअरकीपर स्वतः खोकी घेऊन आला, जुन्या जोडाचं नाव काढलं नाही. पैलवानाचा पहिला रिपोर्ट चांगला आलाय. अजून दोन बाकी आहेत.

तुला कुणी हसलं नाही. दारूचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. पैलवानानं फक्त एकच विचारलं, "साहेबांना हे कधी कळलं होतं?"

मी "माहीत नाही" म्हणाले. पण फाइलवर तारीख आहे, दादा. तुला ते नोकरीच्या शेवटच्या वर्षी कळलं होतं. त्याच वर्षी पैलवान आला. तूच त्याला गाडीचा पत्रा कापायचा कटर धरायला शिकवलंस, तूच त्याला हातमोजे काढायला लावलेस, म्हणालास पकड बसत नाही. तेव्हा तुला माहीत होतं. हे मी स्टेशनवर सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. लाज वाटली असेल, भीती वाटली असेल, ते मला कळतं. पण म्हणून राग जात नाही.

वचन मोडलं, त्याची माफी मागते. सांगितलं, त्याची मागणार नाही.

ड्रायव्हरकाका चहा घेऊन अंगणात बसतील, आत येणार नाहीत. तेवढ्यात वहिनीला सगळं सांग. बाहेरून तिच्या कानावर गेलं तर ती तुला कधी माफ करणार नाही आणि मी तिची बाजू घेईन. मग पैलवानाला दोन ओळी लिही, काकांकडे दे. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. या वेळी तू सांग.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझ्या काळजीनं झोप उडालेली,

धाकटी